एकच ठोका

फिटरनं पुढच्या दाराचं पॅनल ओढून काढलं, आतला स्पीकर दोन बोटांत धरून बाहेर आणला आणि मेलेला उंदीर दाखवावा तसा घड्याळजींच्या समोर धरला.

"हा कंपनीचा. नुसता कागद आहे, काका. इतकी वर्षं तुम्ही गाणी नाही, गाण्यांची अफवा ऐकलीत."

घड्याळजींना हे वाक्य इतकं पटलं की त्यांनी ते मनात दोनदा घोळवून घेतलं. घरी उपयोगी पडणार होतं. दोष आपला नाही, कंपनीचा आहे, हे ते अडतीस वर्षं सांगत आले होते. फक्त कंपन्या बदलत गेल्या. आधी रेडिओची, मग टेपरेकॉर्डरची, मग टीव्हीची आणि आता या गाडीची.

फिटरनं विचारलं, गाणी कोणत्या प्रकारची ऐकता, म्हणजे तसा माल सुचवतो. कुणाला छातीत धडधड लागते, कुणाला गाणाऱ्याचा गळा लागतो.

"एकच गाणं ऐकायचंय," घड्याळजी म्हणाले.

"एकच?"

"तेही सगळं नाही. दुसरं कडवं संपताना एक ठोका आहे. तेवढाच."

फिटरनं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. बावीस वर्षांच्या धंद्यात त्यानं नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. कुणी शेजाऱ्याच्या खिडक्या हलवायला आलं होतं, कुणी बायकोचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून. पण एका ठोक्यासाठी चार स्पीकर, दोन ट्वीटर आणि एक ॲम्प्लिफायर घेणारा माणूस पहिलाच. त्यानं स्टूल पुढे सरकवलं आणि बसा म्हणाला.

मग घड्याळजींनी सांगितलंच. त्यांना सांगायला फक्त निमित्त लागत असे, आणि बहुतेक वेळा तेही लागत नसे. घड्याळांकडे वळण्याआधी ते वर्षभर एका वाद्यांच्या दुकानात कामाला होते. एकदा लोखंडी त्रिकोण पोचवायला रेकॉर्डिंगच्या स्टुडिओत गेले. तोच तो, दोरीला टांगून सळईनं वाजवतात तो. नेमकी तो वाजवणाऱ्याची दाढ ठणकायला लागली. चाळीस वादक खोळंबलेले. संगीतकारानं आजूबाजूला पाहिलं आणि या पोऱ्यालाच विचारलं, मारशील का रे एक ठोका? यांनी मारला. गाणं अंगाईच्या चालीचं होतं. पुढे ते असं गाजलं की अजूनही रेडिओवर लागतं.

"एकच ठोका," घड्याळजी बोट वर करून म्हणाले आणि नेहमीप्रमाणे लगेच स्टुडिओतल्या चहाच्या वर्णनाकडे वळले.

आता अडचण एवढीच होती की तो ठोका स्टुडिओबाहेर कुणालाच कधी ऐकू आला नव्हता. लग्नानंतर बायको पहिली पाच वर्षं बिचारी रेडिओला कान लावून बसायची. ते विचारायचे, ऐकू आला? ती म्हणायची, नाही हो. मग कधीतरी तिनं उत्तर बदललं. ऐकू येतो का, विचारलं की ती हातातलं काम न थांबवता म्हणू लागली, "येत असेल."

तो 'असेल' घड्याळजींच्या काळजात रुतून बसला होता. नाही म्हणाली असती तर भांडता आलं असतं. 'असेल'शी माणूस काय भांडणार?

त्यात धाकटा मेहुणा. हा शाळेत पीटीचा मास्तर, जन्मभर शिट्टी सोडून दुसरं वाद्य हातात धरलं नाही, पण भावोजींना 'उस्ताद' म्हणायची एक संधी सोडत नसे. नवे स्पीकर बसवणार हे कळल्यावर तो म्हणाला होता, नाचता येईना अंगण वाकडं. वाजवलाच नसेल, तर स्पीकर तो आणणार कुठून? यावर बायको हसली. फार नाही, जराशी हसली. पण घड्याळजी दुसऱ्याच दिवशी फिटरच्या दारात उभे होते.

घरात हे जमण्यासारखं नव्हतं. बायको चार मिनिटं एका जागी बसेल तर शपथ, आणि कानात ती इअरफोनची बोंडं घातली की तिला शिंका यायच्या. गाडीत कशी, दार लावलं की बसावंच लागतं.

दुपारपर्यंत दारात नवे स्पीकर बसले, दोन्ही कोपऱ्यांत बटणांएवढे ट्वीटर आले. बारीक आवाजाचं काम यांचं, फिटर म्हणाला, तुमचा ठोका इथूनच येणार. सीटखाली ॲम्प्लिफायर सरकवता सरकवता त्यानं सहज विचारलं, घड्याळांचं दुकान बंद का केलं?

"काय उपयोग? हल्लीच्या घड्याळांना आवाजच नाही. पूर्वी नुसतं कानाला लावलं की रोग कळायचा. आता कुठलंही घ्या, टिकटिक म्हणून नाही."

वायर सोलणारा फिटरचा हात जरा थांबला. मग पुन्हा चालू लागला.

चाचणीसाठी त्यानं शिट्टीसारखा एक आवाज लावला, तो हळूहळू चढत जातो. थांबला की हात वर करा म्हणाला. घड्याळजी डोळे मिटून बसले आणि थोड्याच वेळात त्यांनी हात वर केला. डोळे उघडले तर बाकाखालच्या सावलीत झोपलेलं कुत्रं उठून चालू लागलं होतं, आणि समोरचा पंक्चरवाला दोन्ही कानांत बोटं घालून काहीतरी ओरडत होता.

"थांबला," घड्याळजी म्हणाले.

"हो काका, थांबला," फिटर म्हणाला. आणि मग त्यानं बटण दाबून तो थांबवला.

बारीक आवाज पुरेसा वाटत नाही, पार वर चढवा, असा घड्याळजींनी हट्टच धरला. फिटरनं त्यांच्याकडे पाठ करून काहीतरी फिरवल्यासारखं केलं आणि फुल्लवर ठेवलंय म्हणून सांगितलं. निघताना तो काचेशी वाकला.

"काकूंना घेऊन बसा. त्यांना नक्की ऐकू येईल."

रविवारी दुपारी घड्याळजींनी बायकोला खाली आणलं. कुठे जायचंय, तिनं विचारलं. कुठेच नाही, ते म्हणाले. मग चपला कशाला घालायला लावल्यात, असं तिनं विचारेपर्यंत त्यांनी गाडीचं दार उघडून धरलं होतं. मेहुणा न बोलावता आला आणि मूठभर शेंगदाणे घेऊन मागच्या सीटवर ऐसपैस बसला. काचा वर झाल्या. गाणं सुरू झालं.

पहिल्याच ओळीला बायकोनं हनुवटीला बोट लावलं. "बाई गं. ही मधे श्वास घेते की."

आजवर त्या गाणाऱ्या बाईनं त्यांच्या घरात एकदाही श्वास घेतला नव्हता. पहिलं कडवं गेलं. दुसरं आलं. व्हायोलिनं उतरत आली, थांबली, आणि त्यांनी बोट वर केलं.

काहीच नाही. नुसती रिकामी जागा, आणि तिच्यापुढे बासरी सुरू झाली.

त्यांचं बोट तसंच वर राहिलं. ही जागा त्यांना घराच्या जिन्याइतकी पाठ होती. इथेच होता. त्यांनी आरशात पाहिलं. शेंगदाणा तोंडाशी नेलेला मेहुण्याचा हात तिथेच थांबला होता.

"आहे की हो, भावोजी," मेहुणा म्हणाला. इतक्या मऊ आवाजात तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

मेहुण्याची चेष्टा घड्याळजींना पचत होती, आता सवयीची झाली होती. त्याची दया पचेना. त्यांनी गाणं बंद केलं. आणि त्या शांततेत उठून गेलेलं कुत्रं त्यांना आठवलं, फिटरनं उशिरा दाबलेलं बटण आठवलं, दुकानातली ती एकदम मुकी झालेली सगळी घड्याळं आठवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. अडतीस वर्षं कंपन्यांना नावं ठेवली, आणि आता बिघाड निघाला तो आपल्याच कानात. त्यांना लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली, की ठोका खरंच नसेल तर? आपणच तो सांगून सांगून तयार केला असेल तर?

"उगाच माझं मन राखू नका," ते म्हणाले. "तिथे काही नाहीये."

बायको अजून ट्वीटरकडेच पाहत होती.

"पण तुम्ही तर एकच म्हणायचात."

"मग?"

"दोन आहेत." तिनं दोन बोटं वर केली. "एक मोठा. आणि त्याच्या पाठोपाठ लगेच एक बारका. पायरी चुकल्यासारखा."

हे तिला कुणी सांगणं शक्य नव्हतं, कारण ते माहीत असलेला माणूस जगात एकच होता आणि त्यानं तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी ठोका दिल्यावर हाताला कंप सुटला होता आणि परत घेताना सळई पुन्हा लागली होती, निसटती. काचेपलीकडे संगीतकारानं मान डोलावली, वादक वाद्यं आवरायला लागले, कुणीतरी चहा पुढे केला. घड्याळजी आठवडाभर झोपले नव्हते. मग बोट वर करून 'एकच' म्हणायला लागले, आणि म्हणता म्हणता ते अंगवळणी पडलं.

"तो चुकून लागला होता," ते म्हणाले. "कुणाला सांगितलं नाही मी."

मागे मेहुण्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला. म्हणजे एवढ्या गाजलेल्या गाण्यात उस्तादांनी एकच काम केलं आणि तेही चुकवलं, असा त्यानं हिशोब मांडला. आता यावर त्याची उरलेली सगळी वर्षं निघणार होती. आणि गंमत म्हणजे घड्याळजींना ते ऐकून हायसं वाटलं. जुना मेहुणा परत आला होता.

"कसा वाटतो?" त्यांनी बायकोला विचारलं. "तो दुसरा?"

तिनं विचार केला. "मला तोच आवडला. तुमच्यासारखा वाटतो."

त्यांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. बाईनं श्वास घेतला, कडवं गेलं, दुसरं आलं. व्हायोलिनं उतरायला लागली तेव्हा बायकोनं त्यांच्याकडे न बघता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग त्या रिकाम्या जागेत तिची बोटं गुडघ्यावर वाजली. एकदा जोरात, आणि पाठोपाठ एकदा अगदी हळू.

"येतो ना ऐकू?" त्यांनी विचारलं.

"येतो. अगदी स्वच्छ." हात तिनं काढला नाही. "आणि तुम्हाला?"

घड्याळजींनी समोरच्या काचेतून बाहेर पाहिलं.

"येत असेल," ते म्हणाले.