डोक्यावरून न्हाण्याचा दिवस

रूपाबाईनं न्हाणीच्या कुडाला कान लावला. आत पाण्याचा आवाज नव्हता. सून बादली घेऊन आत गेली त्याला बराच वेळ झाला होता. पण ना तांब्या वाजत होता, ना बांगड्या.

हा तिसरा महिना. रूपाबाईच्या नजरेतून तांड्यावरची कोंबडी सुटत नसे, तिथं सून काय सुटणार! रीता महिन्याचे चार दिवस बाजूला बसायची आणि पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हायची. एरवी चार तांबे ओतून बाहेर येणारी ही पोरगी नेमकी त्याच दिवशी आत रेंगाळायची. लग्नाला दोन वर्षं झाली, तरी घरात पाळणा हलला नव्हता. आणि तीन महिन्यांपूर्वी साखरा गावच्या शाळेत नर्सबाईनं बायका जमवल्या, तेव्हा रीता गेली होती. रूपाबाई गेली नव्हती. नर्सबाई म्हणजे पोरं बंद करायच्या ऑपरेशनवाली, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. तिनं मनातल्या मनात सगळं जुळवून टाकलं. लेकरू राहू नये म्हणून त्या बाईनं काहीतरी लेप दिला असणार. आज पोरीला रंगेहाथ पकडायचं आणि माहेरी धाडायचं. लेकाचं, दिपकचं काय, त्याला दुसरी बायको मिळेल.

तिनं दारावरचं पोतं सर्रकन बाजूला सारलं.

रीता पाटावर बसली होती. उजवा हात डोक्यामागे, आणि डाव्या हाताची तीन बोटं उजव्या छातीवर हळूहळू गोल फिरत होती. सासूला पाहताच तिनं साडी अंगावर ओढली.

“काय लावून राहिलीस?”

“काही न्हाई, याडी.” सासूला ती आईसारखंच याडी म्हणायची.

“हात दाखव.”

रीतानं दोन्ही पंजे पुढं केले. रूपाबाईनं ते उलटसुलट पाहिले, हुंगलेसुद्धा. साबणाशिवाय कशाचा वास नव्हता. याचा तिला उलट रागच आला.

“मंग काय चाललंय? बोल की!”

“गाठ हाय का पाहत व्हते. नर्सबाईनं शिकवलं. फडक्याखाली तुरीचा दाणा ठेवून दाखवलं. बोटाला असं काही लागलं तर लगेच दवाखान्यात या म्हणली. कॅन्सर असू शकतो.”

“तुला हाय?”

“न्हाई.”

“दुखतं?”

“न्हाई.”

“मंग काहून चाचपून राहिलीस? दुखत न्हाई, खुपत न्हाई.”

“पहिल्यांदा गाठ बहुतेक दुखतच न्हाई, याडी. म्हणून तर पाहायचं. पाळी सरली की छाती मऊ असते, तवा बराबर समजतं. म्हणून डोक्यावरून न्हाते त्याच दिवशी पाहते.”

रूपाबाई पोतं धरून उभीच राहिली. जिभेवर तयार ठेवलेल्या शिव्या तिनं गिळल्या. तिनं बादलीकडं पाहिलं, मग कुडाकडं.

“आन जिचं बंद झालं, तिनं कोणत्या दिवशी पाहायचं?”

रीतानं चमकून वर पाहिलं. रूपाबाईचं बंद होऊन आठ वर्षं झाली होती.

“कोणत्या बी. आज बी चालतं.”

रूपाबाईनं मागं वळून अंगण न्याहाळलं. कोणी नव्हतं. ती आत आली, पोतं नीट ओढून घेतलं आणि सुनेकडं पाठ केली. रीतानं तिच्या काचळीचे, आरसे जडवलेल्या चोळीचे, पाठीवरचे बंद सोडले. तिची बोटं सासूच्या डाव्या छातीवर फिरत फिरत एका जागी थांबली, ती पुढं सरकेनात.

“कवापासून हाय?”

“दिवाळीपासून.”

“सांगितलं काहून न्हाई?”

“दुखत नव्हती ना. काचळीच्या आरशांनी दाबून घट्टा पडला, असं समजून राहिले मी.” रूपाबाईला भीती वाटत होती, साधी, लेकरासारखी भीती. “तीच हाय का गं?”

“सगळ्याच गाठी तशा नसतात, म्हणली बाई. पण डॉक्टरनं पाहायला पायजे. उद्याच जाऊ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी फाट्यावर हिंगोलीच्या जीपमध्ये चढल्या. आत तांड्यावरची अनुसयाबाई आधीच ऐसपैस बसली होती. तिला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत चुलीचुलीपाशी पोचायचं.

“सासू-सुना कुठं निघाल्या?”

“दवाखान्यात,” रीता म्हणाली.

“कोणाला दाखवून राहिले?”

छातीचा आजार, आणि तोही या वयात. लोक काय काय बोलतील! रूपाबाई हातातल्या पिशवीत उगाच काहीतरी शोधू लागली.

“मला,” रीता खाली मान घालून म्हणाली. “लेकरू होत न्हाई म्हणून.”

अनुसयाबाईनं चुकचुक केली आणि रीताच्या पोटाकडं पाहिलं. दोन वर्षं रूपाबाई तसंच पाहत आली होती. आज ते पाहणं तिला मुळीच सोसलं नाही.

“तिला काय धाड भरलीय?” ती खेकसली. “मला दाखवायचं हाय. सरक तिकडं, बसू दे माझ्या पोरीला.”