मुका मार

सुरजच्या पिकअपनं कामशेतजवळ उभ्या ट्रकला मागून धडक दिली आणि स्टिअरिंग त्याच्या छातीत बसलं. अंगावर ओरखडा नव्हता. लोणावळ्याच्या दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या माझा मुलगा मलाच म्हणत होता, "आये, गाडीचं तोंड बघ आन् माजं बघ. मीच बरा दिसतोय."

डॉक्टर हसत नव्हते. एक्स-रेत छातीच्या मधली सावली रुंद दिसली, म्हणून त्यांनी स्कॅन करून घेतला होता. मला बाहेर बोलावून म्हणाले, "हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी आतून फाटलीय. बाहेरचा पापुद्रा तेवढा धरून आहे. रक्तदाब कमी ठेवायचं औषध लावलंय. त्याला उठू देऊ नका, छातीला हात लावू नका. पुण्याला हलवायचंय, अ‍ॅम्ब्युलन्स येतेय."

आत गेले तर माझी थोरली बहीण रतनआक्का गरम आंबेहळदीची वाटी घेऊन उभी.

"मुका मार हाय. चोळला की उतरंल."

"आक्का, ऱ्हाऊ दे. डॉक्टर नको म्हनलेत."

"कालच्या पोराचं ऐकतीस व्हय? छाती चोळायची मला नवी हाय का?"

नवी नव्हती. आम्ही लहान असताना आमच्या मळवलीत बंगले नव्हते, नुसती भातखाचरं. भाताची बैलगाडी उलटून दांडी आमच्या वडिलांच्या, आबांच्या छातीत बसली, तेव्हाही जखम नव्हती. आबा भाकरी खाऊन गप्पा मारत होते. आक्का लेप चोळत असतानाच ते गप्प झाले. "आबा माझ्या हाताखाली सुखानं गेले," असं ती जन्मभर सांगत आली.

तिची बोटं सुरजच्या बटणाला लागली.

"आबांना असंच चोळलं व्हतंस," मी म्हटलं.

हात थांबला. "म्हंजी?"

मी तिचा हात बटणावरून बाजूला केला. ती वाटी घेऊन बाहेर गेली.

पुण्यात जांघेतल्या रक्तवाहिनीतून जाळीची नळी वर सरकवून फाटलेली जागा आतून झाकली. सुरज वाचला.

तो घरी आल्यावर आक्का बघायला आली. दाराशीच बसली, दोन्ही हात पदराखाली.

"मावशे, जवळ ये की," सुरज म्हणाला. "आता चोळलंस तरी चालंल."

ती हसली नाही. मी चहा ठेवायला उठले, तशी मागोमाग आली.

मी म्हटलं, "आबा तसंबी ऱ्हायले नसते, आक्का. तवा इलाजच नव्हता याच्यावर."

"डाक्टर म्हनला, का तूच म्हनतीस?"

मी गॅस बारीक केला.