अत्तींच्या फोटोला हार

पुरस्कार मिळाला म्हणून शशिधर खूश होता, पण पुरस्कार घ्यायचा म्हणजे कार्यक्रम आला आणि कार्यक्रम म्हणजे डोक्याला ताप, हे त्याला सभागृहात बसल्यावर कळलं. दक्षिण महाराष्ट्रातल्या कलात्मक छायाचित्रांसाठी छायाचित्रकार मंडळाने १९९८ साली पहिल्यांदाच पुरस्कार ठेवला होता. वेळ सहाची, आठ वाजत आले तरी प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नाही. तोवर अध्यक्षांनी उपाध्यक्षांचा सत्कार केला, उपाध्यक्षांनी अध्यक्षांचा, आणि दोघांनी मिळून माईकवाल्याचा. ज्याला पुरस्कार होता त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. पुढच्या रांगा पदाधिकाऱ्यांच्या, म्हणून त्याला बसवलं होतं शेवटच्या रांगेत.

त्यात शेजारी सासूबाई. शिवगंगा अत्ती. त्यांच्या निपाणीकडे सासूला अत्तीच म्हणतात. शाहूपुरीतल्या गुळाच्या पेढीच्या त्या मालकीणबाई. जावयाने पेढीवर बसायचं सोडून राजारामपुरीत स्टुडिओ थाटला, हे सासऱ्यांना मरेपर्यंत रुचलं नाही. "आमचं पावणं काय करत्यात? उजेड पाडत्यात, फ्लॅशचा," असं ते चारचौघांत म्हणायचे. अत्ती बोलायच्या नाहीत, पण इतक्या वर्षांत स्टुडिओची पायरीही चढल्या नव्हत्या.

फोटोला तर त्या उभ्याच राहायच्या नाहीत. त्यांच्या घरात माणूस भिंतीवर जायचं ते मेल्यावर, हार घालून. सासरेही पेढीच्या भिंतीवर तसेच होते. "जित्तेपणी मला टांगू नगा," हे त्यांचं एकच पालुपद. भिंतीवर लावणार नाही, हार पडू देणार नाही, अशी शशिधरने गळ्यातल्या लिंगाची शपथ घेतली, तेव्हा कुठे त्यांनी पेढीवर डोळे मिटून गूळ चाखताना एक फोटो काढू दिला. पुरस्कार त्या फोटोलाच होता. आणि आज अत्ती पहिल्यांदाच जावयाच्या कामाला म्हणून आल्या होत्या. आज काही वेडंवाकडं झालं, तर त्या पुन्हा येणार नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पाहुणे आले ते घाईतच. त्यांनी फोटोवरचा पडदा ओढला. डोळे मिटलेली म्हातारी, फोटो काळापांढरा, पुढे समई तेवतेय आणि ताटात शशिधरसाठी आणलेला हार. पाहुण्यांनी सवयीने हार उचलला, फोटोला घातला, हात जोडले आणि माईकवर म्हणाले, "या माउलीच्या आत्म्याला शांती लाभो. सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून..."

अख्खं सभागृह उभं राहिलं.

"अहो, थांबा!" शशिधर ओरडला.

"गप उभं ऱ्हावा की," पुढचा गृहस्थ मागे वळून डाफरला. "मानूस गेलंय, जरा तरी दम धरा!"

आता या लोकांपुढे डोकं आपटावं का काय करावं! स्टेजवरचे पदाधिकारी, ज्यांनी स्वतः हा फोटो निवडला होता, तेही माना खाली घालून उभे. आणि शेजारी अत्तीसुद्धा उभ्या, पदर सावरून, हात जोडून. पुढच्या पाठींमुळे त्यांना बसल्यापासूनच स्टेज दिसत नव्हतं.

"कोन गेलं वो, पावणं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्हीच की, अत्ती!" तो वैतागून म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

अत्तींनी जोडलेले हात सोडले. वाट काढत थेट स्टेजवर गेल्या. शशिधर मागोमाग धावला. फोटोतली बाई समोर उभी राहिलेली बघून पाहुण्यांना घाम फुटला. अत्तींचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या फोटोच्या अगदी जवळ जाऊन बघू लागल्या.

"चाखताना मी अशी दिसतो व्हय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी फोटोवरचा हार काढला आणि शशिधरच्या गळ्यात घातला. "फोटो ह्यांनी काढलाय," त्यांनी पाहुण्यांना सुनावलं. "हार कुनाला घालायचा येवढं बी कळंना व्हय तुमास्नी?"

घरी जाताना रिक्षात शशिधर अध्यक्षांपासून माईकवाल्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करत होता. शेवटी थकून म्हणाला, "चुकलं माझं, अत्ती. उद्याच फोटो कपाटात ठेवतो."

"कपाटात कशाला? माझं मेल्यावरचं समदं उरकलं न्हवं आज? आता पेढीवर लावा."

"भिंतीवर?"

"व्हय की, किती इचारताय! मालकांच्या शेजारी नको, समोर लावा. बघू देत की त्यास्नी, जावई काय काम करतोय ते."