इंजिनाची गुरुवारची सुटी

टक्केकाकांनी चाळीस वर्षं कोळशाच्या खाणीत एकच काम केलं. हातात मीटर घेऊन बोगद्याबोगद्यातून फिरायचं, हवेत मिथेन किती टक्के आहे ते बघायचं आणि काटा जरा वर गेला की सगळ्यांना बाहेर हाकलायचं. मिथेनला ना रंग ना वास, पण पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान ठिणगी पडली की खेळ खलास. त्यामुळे काकांचा स्वभावच तसा पडला. घरात दूध उतू गेलं तरी ते आधी खिडक्या उघडत, मग बायकोला बाहेर काढत.

पुढे खाण बंद झाली, काका निवृत्त झाले, आणि त्यांच्या पोटच्या पोरीने खाणीच्या तोंडावरच शेड घातली. आतला गॅस पाइपाने ओढायचा, इंजिनात जाळायचा आणि वीज करायची, असा तिचा उद्योग. ज्याच्यापासून बापाने जन्मभर माणसं पळवली, त्याच्याशी लेकीने सोयरीक जमवली.  पोरगी आईवर गेली होती, तिला बोलून उपयोग नव्हता.

इंजिन चाचणीपुरतं आणलेलं होतं. सलग सात दिवस चाललं तर कायमचं राहणार, नाही तर परत जाणार आणि लेकीच्या तीन वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडणार. दोन वेळा ते सहा दिवस गुमान चाललं आणि गुरुवारी सकाळी सातला बंद पडलं. इंजिन साप्ताहिक सुटी घेतं, असं मेकॅनिकने जाहीरच करून टाकलं.

"गॅस पातळ होतो, बाबा," बुधवारी संध्याकाळी लेक डोकं धरून बसली. "एरवी चाळीस टक्के असतो. गुरुवारी सातच्या सुमाराला एकदम घसरतो. पंचविसाच्या खाली गेला की इंजिन आपोआप बंद. उद्याची शेवटची संधी."

काकांना चहाचा ठसका लागला. दर गुरुवारी सकाळी फिरायला म्हणून ते निघत आणि टेकडीमागे जात. तिथे खाणीला हवा पुरवणारी जुनी विहीर होती. वर सिमेंटचं झाकण, त्यातून आलेला पाइप आणि त्याला कुलूपबंद चाक. त्याची किल्ली परत करायची काकांकडून 'राहूनच गेली' होती. ते अर्धा तास चाक उघडं ठेवत. कोंडलेला गॅस थोडा बाहेर गेलेला बरा, एवढंच त्यांच्या मनात. पण बाहेर गेला तर कमी होईल, पातळ कसा होईल?

गुरुवारी त्यांनी चाक थोडंसंच फिरवलं आणि पाइपाच्या तोंडाशी रुमाल धरला. रुमाल बाहेर फडफडायला हवा होता. तो सुर्रकन आत गेला आणि दिसेनासा झाला.

आता काकांना उलगडा झाला. तिकडून लेकीचा पंप गॅस ओढत होता आणि इकडून ते स्वतः खाणीत हवा भरत होते. चाळिसाचा आकडा पंधराकडे ढकलत होते! त्यांनी चाक करकचून बंद केलं आणि धावत सुटले, म्हणजे गुडघे धावू देतील तेवढे.

शेडमध्ये लेक मीटरला डोळे लावून उभी होती. एकतीस. एकोणतीस.

"विहिरीचं चाक मी उघडत होतो," काका दारातूनच धापा टाकत म्हणाले. "आत्ता बंद केलंय. थांब, चढेल."

सत्ताविसावर काटा घुटमळला आणि हळूहळू वर सरकू लागला. इंजिन धडधडत राहिलं. मेकॅनिकने टाळी वाजवली, मग लेकीचा चेहरा बघून हात खिशात घातले.

"बाबा, तुम्ही? अहो, एकदा विचारायचंत तरी!"

"विचारलं असतं तर हसली असतीस," काका म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. "लोकांची पोरं एवढी वर्षं बाहेर काढली. आता माझीच पोर दिवसभर त्या गॅसशेजारी बसते. मला घरात चैन पडत नाही गं."

 काटा का घसरला ते नोंदवहीत लिहावंच लागणार होतं, आणि इंजिन ठेवायचं की नाही ते ठरवणारे साहेब ती वाचणार होते. लेकीने वही उघडली.

"काय लिहू?"

"जे झालं ते. आणि कारण लिही, बाप घाबरला होता."

तिने चाकाचं आधी लिहिलं, नीट, वेळेसकट. मग कारणाच्या रकान्यात बापाचे शब्द जसेच्या तसे उतरवले, डोळे पुसले आणि वही सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवली.