रंजिताच्या डोक्यावरचा मी

मी विग. केसांचा टोप म्हणा हवं तर. बोलताना लाज वाटतेय, कारण मी विग आहे हे कुणाला कळू नये, यासाठीच माझा जन्म. ओळखू आलो की वाया गेलो.

माझे केस मात्र खरे आहेत. दक्षिणेतल्या कुठल्याशा देवळात एका बाईने नवस फेडताना ते दिले. पुढे एका कारखान्यात बायकांनी सुईने एकेक केस जाळीत ओवला, आणि फिरत फिरत मी पनवेलच्या एका दुकानात थर्माकोलच्या मुंडक्यावर येऊन बसलो.

रंजिता तिथे आली ती डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळून. सोबत नवरा, हरेश. आधी तिला कानामागे रुपयाएवढी चाई पडली होती. औषधं चालू असतानाच ती पसरत गेली आणि सगळे केस गळले. दुकानदाराने मला तिच्या डोक्यावर बसवलं. आरशात बघून ती हसली आणि मग रडली. मला वाटलं, आपलं नशीब थोर.

तिचं घर करंजाड्याला. घरात सासू भामाबाई आणि लग्न ठरलेली नणंद समृद्धी. दोघींना यातलं काही कळता कामा नये, असं रंजिताने हरेशकडून वचन घेतलं, आणि माझ्या लाजेचे दिवस सुरू झाले. सगळ्या घराचे कपडे गच्चीत उन्हात वाळायचे. मला मात्र ती बाथरूमच्या दाराआड, टॉवेलखाली वाळत घालायची. मी धड सुकायचो नाही, मला कुबट वास यायचा, आणि मग त्या वासाचीही तिला धास्ती. उन्हाळ्यात माझ्या जाळीखाली तिच्या डोक्याला घामोळं आलं. चारचौघांत खाजवता येईना, म्हणून ती पेनाचं टोक हळूच आत सारायची. मी तिला जपतोय की छळतोय, हे मलाच कळेनासं झालं.

खांदा कॉलनीतल्या एका दातांच्या दवाखान्यात ती रिसेप्शनवर होती. पूर्वी म्हणे घाबरलेल्या पेशंटला बोलून बोलून हसवायची. आता पंखा लावला तरी तिचा हात डोक्याकडे जायचा.

एका दुपारी माझी क्लिप तुटली आणि मी कानावर घसरलो. रंजिता बाथरूमकडे पळाली. तिच्यासोबत काम करणारी मिताली मागोमाग गेली. तिने स्वतःच्या केसांतली पिन काढून मला नीट बसवलं आणि म्हणाली, "जेवताना काढून ठेवत जा गं. तेव्हा इथे मीच असते."

दोन-तीन दिवस रंजिताने ऐकलं नाही. मग एकदा आतल्या खोलीला कडी लावून तिने मला डब्याशेजारी ठेवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मितालीने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती नेहमीसारखी भेंडीची भाजी वाढत होती. त्या दिवशी रंजिता पोटभर जेवली.

मग समृद्धीची हळद आली. मांडव भरलेला, बेंजो पार्टीचं वाजवणं रंगात आलेलं. समृद्धीने वहिनीला हट्टाने नाचायला ओढलं. गर्दीत कुणाच्या तरी बांगडीत माझी जाळी अडकली आणि मी खाली पडलो. एकदोन पाय माझ्यावर पडले. रंजिताने डोक्यावर पदर ओढला आणि ती घरात धावली. एका बाईने मला मेलेला उंदीर उचलावा तसं चिमटीत धरलं. बाजूला कुणीतरी कुजबुजलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

भामाबाईंनी मला त्या बाईच्या हातातून घेतलं, पदराने पुसलं आणि त्या आत आल्या. रंजिता भिंतीकडे तोंड करून बसली होती. त्यांनी मला खाटेवर ठेवलं.

"मना कधीचा ठाव हाय, बाय," त्या म्हणाल्या. "तू सांगशील म्हनून गप रायलो. मीच पयलं बोलाला पायजे व्हतं."

भामाबाईंनी हळदीची वाटी आणली, बोटं बुडवली, रंजिताचा पदर मागे सारला आणि तिच्या उघड्या डोक्यावरून सावकाश हात फिरवला.

"सगल्यांना हलद लागली. तुजं डोकं काय परकं हाय?"

तेव्हा ती रडली, सासूच्या मांडीत डोकं खुपसून. नंतर समृद्धी आली आणि तिचा हात धरून उभी राहिली. तिघी बाहेर गेल्या. मी खाटेवर पडून ऐकत होतो. बऱ्याच वेळाने बेंजोच्या आवाजातूनही रंजिताचं हसू ऐकू आलं. इतकं मोठ्याने हसताना मी तिला कधी ऐकलंच नव्हतं. माझ्याखाली असताना ती हसायची तेही जपून.

तरी दवाखान्यात जाताना तिने पुन्हा मला घातलं. लाज काही हळदीसारखी एका पाण्यात जात नाही. मिताली एवढंच म्हणाली, "फोटो बघितले. पिवळी छान दिसत होतीस." पुढे कितीतरी दिवस तसेच गेले. मग एका सकाळी रंजिता दारापर्यंत गेली, परत फिरली, तिने मला काढून पलंगावर ठेवलं आणि ती तशीच कामावर गेली.

आता मी कपाटात असतो. कधी लग्नकार्यात हौस म्हणून ती मला घालते. कुणी केसांचं कौतुक केलं तर सरळ सांगते, "विकतचे आहेत." मी अजून संकोचतो. ती नाही.

माझं एक मागणं आहे. माझ्यासारखा कुणी एखादीच्या डोक्यावर दिसला, तर 'काढ की, कशाला घालतेस' असं तिला म्हणू नका. ते तिचं ती ठरवील. तुम्ही फक्त तिच्याजवळ बसा, काढावंसं वाटलं तर तिला काढता येईल, इतक्या जवळ.