माथ्यावरचा चांदमिनार

सांडूसरांनी खुर्ची खाटेजवळ ओढली, नव्या कोऱ्या पुस्तकाचं खुणेचं पान उघडलं आणि घसा खाकरला. खाटेवर रामप्रसाद भिंतीकडे तोंड करून पडले होते. दारात त्यांची सून अंबिका उभी होती. आजही काही खरं नाही, असं तिनं नुसत्या मानेनंच सांगितलं.

बायको, सरूबाई, गेल्यापासून रामप्रसादांनी बोलणं टाकलं होतं. पुढ्यात ताट ठेवलं तर चार घास खायचे, नाहीतर तेही नाही. शरीराला काही झालेलं नाही, असं डॉक्टर म्हणत. पण माणूसच आतून उठून गेला तर गोळ्या द्यायच्या कुणाला? पुंडलिकनगरातल्या त्या खोलीत सांडूसर रोज संध्याकाळी येऊन बसत आणि तसेच परत जात. दुःखावर बोलणं दोघांनाही कधी जमलं नव्हतं. त्यांची सगळी माया भांडणातून चालायची.

सांडूसरांनी जन्मभर चरित्रं लिहिली. मुक्तिसंग्रामात उतरलेली, पण कुणी पुतळा न उभारलेली खेड्यापाड्यांतली माणसं त्यांनी हुडकून काढली, त्यांच्या नातवंडांच्या ओसरीवर बसून एकेक हकीकत पारखून घेतली. पुस्तक निघालं की गावभर कौतुक व्हायचं. रामप्रसाद मात्र आठवड्याच्या आत दारात हजर. पाण्याचा पेलाही न घेता म्हणायचे, "पान एकोणऐंशी." मग चहा निवेपर्यंत जुंपायची. तेही इतिहासाचेच मास्तर. स्वतः एक ओळ लिहिली नाही आणि दुसऱ्याची एक सोडली नाही. शाबासकी तर त्यांच्या गावीच नव्हती. सांडूसर वरवर चिडायचे, पण लिहायला बसले की त्यांच्या डोळ्यांपुढे वाचक म्हणून हाच एक खडूस माणूस असायचा.

म्हणूनच या वेळी त्यांनी करू नये ते केलं होतं. पुस्तक केरबा नावाच्या मेंढपाळाचं होतं. लढ्यात निरोप पोचवताना तो एका रात्री दौलताबादच्या किल्ल्यात लपला होता. त्या प्रसंगात सांडूसरांनी जाणूनबुजून एक चूक पेरली. अशी ढळढळीत, की ती ऐकून रामप्रसादांनी ताडकन उठून बसावं. छापखान्यातून मुद्रितं तपासणाऱ्या प्रेरणाचा फोनही आला होता.

"सर, चांदमिनार तर खाली आहे ना, पायथ्याशी? तुम्ही माथ्यावर लिहिलंय."

"तसंच राहू द्या," सांडूसर म्हणाले होते.

फोन ठेवल्यावर त्यांना कसंसंच झालं होतं. एका चुकीच्या तारखेपायी रात्र जागून काढणारा हा माणूस. आता लोक म्हणणार, म्हाताऱ्याला भ्रम झाला. म्हणू देत. राम्या उठला म्हणजे झालं.

"'अंधार पडताच केरबा किल्ल्याचा माथा चढून गेला,'" ते सावकाश वाचू लागले, "'आणि तिथं चांदमिनाराच्या आडोशाला बसून त्यानं पहाटेपर्यंत पहारेकऱ्यांची चाहूल घेतली.'"

ते थांबले. तरुणपणी दोघं सुट्टी लागली की सायकली हाणत दौलताबादला जायचे. त्याच मिनाराच्या सावलीत भाकरी सोडायच्या, आणि पोट भरलं की भांडायचं, मगच किल्ला चढायचा. हे वाक्य रामप्रसादांच्या पचनी पडणं शक्यच नव्हतं.

खाट करकरली. रामप्रसाद या कुशीवर वळले. अंबिकेचा हात तोंडाशी गेला.

"सांडू."

"बोल."

"लई चांगलं लिहिलंस."

हे शब्द ऐकायला सांडूसरांनी उभं आयुष्य वाट पाहिली होती. आता ते आले, ते नेमके पेरलेल्या चुकीवर. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"राम्या, चांदमिनार कुठंय?"

"पायथ्याला."

"म्या माथ्यावर लिहिलाय."

"ऐकलं की."

"मग?"

"आसू दे. वर आसला काय अन् खाली आसला काय." रामप्रसादांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, रडक्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा. "वाच तू. बरं वाटतंय."

अंबिका पदरानं डोळे पुसत पुढं आली. तिचा चेहरा उजळला होता.

"सर, किती दिसांनी मामा एवढं बोलले. तुमी रोज वाचत जा."

"व्हय," सांडूसर म्हणाले.

त्यांनी पान उलटलं. चारच ओळी झाल्या आणि ते अडखळले. केरबाच्या लग्नाचं साल मागच्या प्रकरणात एक होतं, इथं दुसरंच छापलं होतं. ही चूक त्यांनी पेरलेली नव्हती. ती त्यांच्या नजरेतून सुटली होती, प्रेरणाच्याही. सवयीनं त्यांनी समोर पाहिलं. रामप्रसाद डोळे मिटून शांतपणे ऐकत होते.

सांडूसरांनी ते चुकीचं साल तसंच वाचलं, आणि ते पुढं वाचत राहिले.