गवताचा करार

आर्डिथ श्लेगलची तीनशे एकर जमीन व्हर्लिन कोएन बावीस वर्षं बटाईनं कसत होता. कॅन्ससच्या त्या कोपऱ्यात गहू तरारून येतो, आणि कापणीला आठवडा उरला की गारा त्याचा भुगा करतात. आर्डिथचा नवरा वारल्यावर सलग दोन वर्षं तेच झालं. डेन्व्हरची मुलगी फोनवर वैतागली.

"आई, जमिनीत नुसतं गवत वाढवलं तर सरकार दरसाल पैसे देतंय. दहा वर्षं! तू अजून आभाळाकडे काय बघत बसलीस?"

आर्डिथ काउंटीच्या शेतकी कचेरीत गेली. व्हर्लिनची बटाईची बोली त्या सुगीबरोबर संपतच होती, त्यामुळे अडचण काही नव्हती. कारकून बाईंनी सहज विचारलं, "व्हर्लिनला कल्पना आहे ना?"

"आहे की," आर्डिथ म्हणाली आणि सही केली.

रविवारी चर्च सुटल्यावर त्याला सांगायचं असं तिनं ठरवलं होतं. पण त्याची बायको जोलीन तिच्यासाठी चेरीचं सारण भरलेला 'पाय' भाजून घेऊन आली, आणि तो हातात धरून आर्डिथला काही बोलवेना. पुढच्या रविवारी पाऊस होता. तिसऱ्या आठवड्यात धान्याच्या कोठारावर कुणीतरी व्हर्लिनला म्हणालं, "काय रे, श्लेगलबाई गवत लावतायत म्हणे. तू काय करणार आता?"

तो तसाच तिच्या दारात आला. आत ये म्हटलं तरी येईना.

"खरं का?"

"मी सांगणारच होते रे, व्हर्लिन."

"जमीन तुमची. मी कोण बोलणार? पण उन्हाळ्यात ऑक्स्नरची जमीन कसायला निघाली होती. तुमची आहे म्हणून मी नको म्हटलं." तो टोपी फिरवत राहिला. "गारा पडल्या की मी आधी तुमच्याकडे यायचो, बाई. ही बातमी मला कोठारावर कळली."

ऑक्स्नरची जमीन तोवर दुसऱ्याला गेली होती. हिवाळ्यात व्हर्लिनच्या यंत्रांचा लिलाव झाला. आर्डिथ घरातून निघाली, पण कोपऱ्यावरून गाडी परत फिरवली. कोएन कुटुंब शंभर मैलांवर गेलं. तिथं गुरं पोसण्याच्या मोठ्या गोठ्यावर त्याला नोकरी मिळाली. त्यांच्या दोन मुली गाव सोडून गेल्यावर आधीच विरळ झालेली शाळा दुसऱ्या वर्षी बंदच पडली.

पैसे दर ऑक्टोबरात बिनचूक येत. गवत कमरेएवढं वाढलं, त्यात रानकोंबड्या परतल्या, वाऱ्यावर त्याच्या लाटा उठत. येणारेजाणारे गाडी थांबवून बघायचे. आर्डिथनं त्या बाजूच्या खिडकीला पडदा लावला.

चौथ्या वर्षी करार मोडता येईल का, हे तिनं विचारून पाहिलं. घेतलेलं सगळं दंडासकट परत करावं लागणार होतं, आणि ते छपरात नि दवाखान्यात केव्हाच गेलं होतं.

दहावं वर्ष सरत आलं तेव्हा ती एकटी शंभर मैल गाडी चालवत व्हर्लिनकडे गेली. त्याचे केस पांढरे झाले होते. जोलीननं जेवायला वाढलं, मुलींचे फोटो दाखवले. ती आत गेल्यावर आर्डिथ म्हणाली, "जमीन मोकळी होतेय. तू परत ये. बटाई नको, म्हणशील त्या खंडानं घे."

व्हर्लिननं ताट बाजूला सारलं. "आता काय घेऊन येऊ, बाई? यंत्रं गेली. पाठही गेली."

"माझ्यावर राग आहे ना तुझा?"

"आता नाही. होता, पहिली दोन-तीन वर्षं. तेव्हा वाटायचं, एकदा तरी याल."

आर्डिथ पर्स घेऊन उठली.

तो तिला गाडीपर्यंत पोचवायला आला. मागचं चाक पायानं दाबून बघत म्हणाला, "हवा कमी आहे. अशीच आलात एवढ्या लांब?" मग पंप आणून, वाकताना कण्हत, त्यानं चारही चाकांत हवा भरली. आर्डिथ पर्स छातीशी धरून बाजूला उभी राहिली. "मला माफ कर" हे तिनं म्हटलं खरं, पण पंपाच्या आवाजात त्याला ते ऐकू गेलं की नाही, हे तिला कळलं नाही. पुन्हा म्हणायचा तिला धीर झाला नाही.